कुत्र्यासाठी वर्गणी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळची मिस्सा संपल्यावर आम्ही चारपाच जण नेहमीप्रमाणे चर्चच्या आवारात बोलत उभे होतो. माझ्या खिशात एका पत्राची छापील प्रत होती. माझ्या चुलतभावाची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली, त्याला आता बारा-तेरा वर्षे झाली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला अपस्माराचा आजार आहे. आपल्याकडे ज्याला आकडी किंवा फिट येणे म्हणतात, तोच हा आजार. औषधे चालू आहेत, पण झटके पूर्ण थांबलेले नाहीत. अशा मुलांसाठी तिकडे खास शिकवून तयार केलेला कुत्रा मिळतो. त्यासाठी त्या कुटुंबाने वीस हजार डॉलर उभे करायचे होते आणि निम्म्याहून थोडे अधिक जमले होते. उरलेल्या रकमेसाठी तिने नातेवाइकांना आणि गावकऱ्यांना विनंती केली होती.

मी पत्र वाचून दाखवले. वीस हजार डॉलर म्हणजे आपले सतरा लाखांहून अधिक रुपये, असा कोणीतरी हिशेब केला. मग एक वाक्य आले : "इथे माणसांच्या पोरांना औषध मिळत नाही आणि तिथे कुत्र्याला सतरा लाख!" सगळे हसले आणि विषय तिथेच संपला.

ते वाक्य बोलणारा मीच होतो. म्हणून हा लेख.

प्रिय वाचकहो, हा कुत्रा म्हणजे नेमके काय, हे मीही समजून न घेताच बोललो होतो. तेव्हा प्रथम ते पाहू. अमेरिकेत १९९० साली अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखालच्या, २०११ सालापासून लागू असलेल्या नियमांनुसार अपंग व्यक्तीसाठी एखादे ठरावीक काम करायला शिकवलेल्या कुत्र्यालाच 'सेवा-प्राणी' म्हणतात. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठीही एक वेगळी तरतूद आहे. ती वाचून मला गंमत वाटली.) नुसता जवळ बसून मनाला बरे वाटावे म्हणून पाळलेला कुत्रा यात मोडत नाही. कुत्र्याला काम यावे लागते. अपस्माराच्या मुलाला झटका आला की भुंकून घरच्यांना जागे करायचे, शिकवलेले बटण दाबायचे, मूल शुद्धीवर येईपर्यंत त्याला बिलगून राहायचे, अशी ही कामे असतात. स्वमग्न मुलांपैकी काहींना घरातून अचानक निघून जाण्याची सवय असते. त्यांचा पट्टा कुत्र्याच्या पट्ट्याला जोडलेला असतो आणि मूल रस्त्याकडे धावले की कुत्रा जागीच बसून त्याला अडवतो.

मिशिगन राज्यातील एका मुलीची हकिकत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ सालच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. तिला सेरेब्रल पाल्सी होती, हातापायांवर ताबा नव्हता. सुमारे १३ हजार डॉलर लोकांच्या मदतीने उभे राहिले आणि तिला कुत्रा मिळाला. खाली पडलेली वस्तू उचलून देणे, दार उघडणे आणि लावणे, दिवा लावणे, अंगातला कोट काढायला मदत करणे, चालताना तोल सांभाळणे, शौचालयात बसता-उठताना आधार देणे, एवढे सगळे तो करी. २००९ साली शाळेने त्याला आत घ्यायला नकार दिला. कारण सांगितले ते असे की मुलीच्या मदतीला एक माणूस आधीच दिलेला आहे, मग कुत्रा कशाला? या वादात मुलीची शाळा बदलली, वर्षे गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. तिथे निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला.

शाळेचे म्हणणे वरवर पाहता किती शहाणपणाचे वाटते! मदतीला माणूस आहे, तर कुत्रा कशाला? पण आपण स्वतःला त्या मुलीच्या जागी ठेवून पाहावे. पाचसहा वर्षांचे मूल असो की ऐंशी वर्षांचा म्हातारा, शौचालयात दुसऱ्या माणसाचा हात धरून जावे लागणे आणि आपल्या कुत्र्याच्या पाठीवर हात टेकून स्वतः जाणे, यांत फरक आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची सेवा ज्यांनी केली आहे त्यांना तो सांगावा लागणार नाही.

आपल्या कॅथलिक बायबलमध्ये तोबीतचा ग्रंथ आहे. त्यातला तरुण तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो, राफाएल देवदूत माणसाच्या रूपात त्याच्या सोबत असतो आणि घरचा कुत्राही त्यांच्या मागे चालू लागतो. तोबिया परत येतो तेव्हाही कुत्रा बरोबर आहे. मधल्या काळात त्या कुत्र्याने काय केले, याबद्दल ग्रंथ एक अक्षरही बोलत नाही. राफाएल या नावाचा अर्थ 'देव बरे करतो'. ते काम देवदूताने केले. कुत्रा सोबत राहिला.

आता किमतीकडे येऊ. पिल्लू आठेक आठवड्यांचे झाले की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात सुमारे वर्ष-दीड वर्ष वाढते. त्यानंतर सहा महिने किंवा अधिक काळ जाणकार शिक्षकांकडून शिक्षण, मग मुलाबरोबर आणि त्याच्या आईवडिलांबरोबर सराव. बरीच पिल्ले मध्येच गळतात आणि त्यांच्यावरचा खर्चही यशस्वी कुत्र्यांच्या हिशेबात येतो. एवढे करून कुत्रा काम करतो साधारण आठ-दहा वर्षे. तिथल्या आरोग्य विम्यातून या खर्चाचे पैसे सहसा मिळत नाहीत. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या 'कॅनाइन कम्पॅनियन्स'सारख्या संस्था देणगीच्या बळावर कुत्रे विनामूल्य देतात. पण मोफत मिळणाऱ्यासाठी थांबावे लागते. इतर काही संस्था खर्चाचा मोठा भाग कुटुंबानेच जमवावा, अशी अट घालतात. माझ्या पुतणीच्या वाट्याला ही दुसरी गोष्ट आली.

ओघात एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या घरातली आहे. १९८१ साली सिस्टर पॉलिन क्वीन या डॉमिनिकन संन्यासिनीच्या पुढाकाराने वॉशिंग्टन राज्यातील स्त्रियांच्या तुरुंगात कैद्यांनी कुत्र्यांना असे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो अनेक तुरुंगांत पसरला. ज्यांच्या हाती समाज काहीही सोपवायला तयार नव्हता, त्यांच्या हाती दुसऱ्याच्या आधाराची काठी घडवायला दिली गेली. सतरा लाख ऐकून हसताना हे काहीच माझ्या डोळ्यांपुढे नव्हते.

तरीही माझ्या त्या वाक्यात काहीच तथ्य नव्हते, असे मी म्हणणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसृत केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत हा विषय आला आहे (२४१६ ते २४१८). प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागावे, माणसाला साहाय्य व्हावे म्हणून त्यांना माणसाळवणे योग्यच आहे, असे तिथे सांगितले आहे. पण माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर खर्च करणे शोभत नाही, हेही तिथेच आहे. लाडक्या कुत्र्याचा वाढदिवस हॉटेलात साजरा करणाऱ्यांना हे लागू पडते. पण इथला पैसा तर माणसाच्याच हालअपेष्टेसाठी आहे. चाकांची खुर्ची महाग असली म्हणून 'लोखंडावर एवढा खर्च!' असे कोणी म्हणत नाही. कुत्र्याला जीव आहे, म्हणून आपण फसतो.

खरा पेच त्याच्या पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गरीब देशांतील अपस्माराच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना आवश्यक ते उपचार मिळत नाहीत. वास्तविक योग्य निदान आणि औषध मिळाले तर शंभरातले सत्तर रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात आणि त्या औषधाचा खर्च वर्षाला पाच डॉलर इतका कमी असू शकतो. आता करा हिशेब. एका मुलाच्या कुत्र्याच्या पैशात चार हजार रुग्णांचे वर्षभराचे औषध! हा आकडा मी स्वतः मांडला तेव्हा रात्रभर अस्वस्थ होतो. यावर हुशारीचे उत्तर माझ्याकडे नाही.

मात्र असाच हिशेब शुभवर्तमानात एकाने मांडलेला आहे. बेथानीला मरियेने प्रभू येशूच्या चरणांना अतिशय मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा यहूदा इस्कर्योत म्हणाला की हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत (योहान १२:५). दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा शब्बाथ आणि सण वगळले तर तीनशे दिनार ही वर्षभराची कमाई झाली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार २००९ सालापासून किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला चाळीस तास धरले तर वर्षाचे १५,०८० डॉलर होतात. म्हणजे मरियेचे तेल आणि माझ्या नातवाचा कुत्रा जवळजवळ एकाच किमतीचे!

यहूदाचा हिशेब चुकीचा नव्हता. त्या पैशात खरोखरच अनेक गरिबांना भाकर मिळाली असती. योहान नोंदवतो ते हे की त्याला गरिबांची पर्वा नव्हती. आणि गरीब तर नेहमीच तुमच्याजवळ असतील, असे प्रभू म्हणतो तेव्हा तो अनुवाद ग्रंथातल्या वचनाची आठवण देत असतो (१५:११). तिथे त्या वचनाचा पुढचा भाग आहे की म्हणूनच गरजू बांधवासाठी तू आपला हात मोकळा सोड. हा पुढचा भाग आपण सहसा विसरतो.

मी चर्चच्या आवारात गरिबांच्या औषधाचे नाव घेतले. पण त्या वर्षी अशा औषधासाठी मी किती दिले होते? काहीच नाही. माझ्या धाकट्या मुलाच्या लग्नात बँडवाले, मंडप आणि जेवण यांचा खर्च झाला, तेव्हा मला कोणाच्या पोरांचे औषध आठवले नव्हते. सणाच्या वर्गणीची पावती फाडतानाही नाही. ते आठवले दुसऱ्याची आई पदर पसरून उभी राहिली तेव्हाच. गरिबांचा हिशेब मला मागणाऱ्याच्या तोंडावर फेकायला हवा होता, एवढाच त्याचा उपयोग मी केला.

याचा अर्थ कोणीही मागावे आणि आपण डोळे मिटून द्यावे, असा नाही. दिलेल्या पैशाचे काय होते ते विचारणे हा देणाऱ्याचा हक्क आहे, किंबहुना कर्तव्य आहे. या कुत्र्यांच्या बाबतीत तर ते फारच जरूर आहे. अमेरिकेत अशा कुत्र्यांची सरकारी नोंदणी किंवा प्रमाणपत्र सक्तीचे नाही, त्यामुळे भोंदूंनाही वाव मिळतो. २०१८ साली व्हर्जिनिया राज्याच्या ॲटर्नी जनरलने मधुमेही मुलांसाठी कुत्रे पुरवणाऱ्या एका संस्थेवर दावा दाखल केला. हजारो डॉलर घेऊन नीट न शिकवलेली पिल्ले घरी पाठवली, अशी तक्रार होती. ते पैसे अनेक कुटुंबांनी अशीच वर्गणी काढून जमवले होते. आणि कुत्रा प्रामाणिकपणे शिकवलेला असला तरी तो यंत्र नव्हे. रक्तातली साखर उतरली की वासावरून इशारा देणाऱ्या २७ कुत्र्यांचा ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साखर उतरल्याच्या शंभर वेळांपैकी साधारण ८३ वेळा कुत्र्यांनी ते ओळखले. दोन वर्षांआधी अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात हेच प्रमाण ३६ निघाले होते. अपस्मारात झटका येण्याआधीच कुत्रा ओळखेल, अशी खात्री देणाऱ्यावर तर विश्वास ठेवूच नये. झटका आल्यावर काय करायचे हे शिकवता येते, आधी ओळखणे मात्र हुकमी शिकवता येत नाही. माझ्या पुतणीला मी हे सगळे विचारले. तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. संस्थेने दिलेल्या इतर कुटुंबांशी ती स्वतः बोलली होती.

त्या फोनवर ती आणखी एक गोष्ट बोलून गेली आणि मला तीच अधिक लागली. "काका, फोटो लावायचा माझ्या मनात नव्हता. पण फोटोशिवाय कोणी देत नाही म्हणतात." तिने आधी निवडला होता तो रुग्णालयातला फोटो. डोक्याला तारा लावलेल्या, डोळे मिटलेले. मुलाने तो पाहिला आणि विचारले, फुटबॉलच्या कपड्यातला लावला तर पैसे कमी येतील का? त्यांनी फुटबॉलचाच लावला.

नऊ वर्षांच्या पोराला आपल्या दुखण्याचा बाजारभाव कळला होता! मत्तयच्या शुभवर्तमानात कनानी स्त्री आजारी मुलीसाठी प्रभूच्या मागे ओरडत येते, तेव्हा हिला एकदाची घालवून द्या, असे शिष्यांना वाटते. मुलांच्या भाकरीचे आणि कुत्र्यांचे कठोर बोल ती ऐकून घेते, तरी मागे हटत नाही. आईला मागावे लागते तेव्हा तिला काय काय गिळावे लागते! दान देताना उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हे आपल्याला पाठ आहे. घेणाऱ्याचेही चारचौघांना कळू नये, हे का कळत नाही? सध्या न्यू जर्सीत असलेली, अंधांसाठी कुत्रे तयार करणारी 'सीइंग आय' ही संस्था १९२९ साली सुरू झाली. पहिल्या कुत्र्यासाठी ती अंध व्यक्तीकडून १५० डॉलर घेते, पुढच्या प्रत्येकासाठी ५०. खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे आणि तो देणगीदार सोसतात. पण अंध माणूस म्हणू शकतो की हा कुत्रा मी माझ्या पैशाने घेतला. आपल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजूंच्या घरी गुपचूप जातात, नावे बाहेर फोडत नाहीत. त्यामागेही हाच विचार आहे.

आणि ज्यांचा फोटो लोकांच्या काळजाला भिडत नाही, त्यांचे काय? २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या दुर्मीळ आजारावरच्या औषधासाठी लोकांनी सुमारे १६ कोटी रुपये जमवले आणि सरकारने त्यावरचे आयात शुल्क व कर माफ केले. फार मोठी गोष्ट झाली. पण तोच आजार असलेल्या सगळ्याच बाळांना एवढे देणारे मिळत नाहीत. वर्गणीला चेहरा लागतो, ओळखी लागतात, गोष्ट सांगता यावी लागते. माझ्या पुतणीला हे सगळे जमले, कारण ती शिकलेली आहे. वास्तविक ज्या समाजात विमा, सरकार आणि संस्था आपापले काम करतात, तिथे आजारी मुलाला लोकांपुढे उभे राहण्याची पाळी येऊ नये. ती येते तोवर मात्र देणाऱ्याने 'हे सरकारने करायला हवे' म्हणून हात आखडता घेणे मला बरोबर वाटत नाही.

मी पैसे पाठवले. किती ते सांगत नाही. फार नव्हते. तेवढीच रक्कम सोसायटीच्या पेटीतही टाकली, हिशेबाला हिशेब म्हणून.

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक आजी माझ्या दारात आली. माझे आवारातले वाक्य तिच्यापर्यंत पोहोचले होते. "मास्तर, ती कुत्र्याची काय गोष्ट आहे हो?" तिने विचारले. मी सांगितली. पोराला रात्री झटका आला की कुत्रा भुंकून आईला उठवतो, हे ऐकल्यावर तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, तिच्या नातवालाही फिट येतात. सून इस्पितळात रात्रपाळीला असते, मुलगा बोटीवर. म्हणून रात्री ती नातवाच्या छातीवर हात ठेवून झोपते. हात हलला की जाग येते.

"म्हणजे तो कुत्रा आला की त्याची आई झोपेल," ती म्हणाली आणि कनवटीची शंभराची नोट काढून माझ्यापुढे धरली. मी नको नको म्हणत होतो. "तुम्हाला नाही देत," ती म्हणाली, "त्या आईला देते."

तिचे घर माझ्या घरापासून चार घरे सोडून आहे. नातू सात वर्षांचा आहे. त्याला फिट येतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.